वाल्डेमार हाफकिन: प्लेगच्या लसीची कहाणी आणि शरीर रोगाशी लढायला कसे शिकते

मृग लागण्याआधी घुग्घुस, नकोडा आणि वर्धा नदीकाठच्या गावांत कास्तकारांची लगबग असते. कापसाचे बियाणे, सोयाबीनची उगवण तपासणी, बैलजोडीचे साज, वखरणी अशी कामे एकामागून एक येतात. याच दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यातून जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचली जाते. काही जण सगळी जनावरे रांगेत उभी करतात. काही जण मात्र मागे राहतात. जनावर धडधाकट असताना सुई कशाला, लस दिल्यावर दूध कमी होते, मागच्या वर्षी तर दिली होती, आजार आला की बघू, अशी कारणे ऐकू येतात.

हे प्रश्न नवीन नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या माणसांनीही हेच विचारले होते. तेव्हा शहरात प्लेग होता, म्हणजे आपल्याकडे ज्याला गाठीचा ताप म्हणत तो रोग. उत्तर देण्यासाठी जो माणूस उभा राहिला तो भारतीय नव्हता, डॉक्टरही नव्हता. तो प्राणिशास्त्राचा अभ्यासक होता आणि त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याचे आयुष्य समजून घेतले तर लस म्हणजे काय, ती आधीच का द्यायची, ती पुन्हा का द्यायची आणि ती हाताळताना एवढी काळजी का घ्यायची, हे सगळे आपोआप समजते.

ओडेसातील विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकॉव्ह.

मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटा टोचून पाहिला. काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर अळीच्या शरीरातील फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या वस्तूवर शरीर स्वतःहून धावून जाते, तिला घेरते आणि गिळण्याचा प्रयत्न करते, हे त्यातून दिसले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी हेच काम करतात. पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, दोन दिवसांनी पू येतो. तो पू म्हणजे बऱ्याच अंशी या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशीच असतात. या कामासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

विद्यार्थीदशेत हाफकिन यांच्या वाट्याला सुखाचे दिवस कमीच आले. १८८१ मध्ये ओडेसात ज्यू वस्तीवर हल्ले झाले. त्या वेळी वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, त्यांना अटक झाली आणि मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकल्यावर ते सुटले. पुढे धर्म बदलला तर विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळाली असती. त्यांनी तो मार्ग नाकारला आणि १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग १८८९ मध्ये पॅरिसची पाश्चर संस्था. मेचनिकॉव्ह तिथे आधीच पोहोचले होते. संशोधकाची जागा मोकळी नव्हती, म्हणून हाफकिन यांनी ग्रंथालयातील साहाय्यकाचे काम पत्करले. दिवसा पुस्तके आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

कोंबड्यांपासून सुरू झालेली वाट

हाफकिन ज्या संस्थेत पोहोचले तिथे लसीचे शास्त्र कोंबड्या आणि मेंढ्यांवरच घडले होते. त्याआधी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईंच्या देवीचा द्रव वापरून माणसाला देवीपासून वाचवता येते हे दाखवले होते. ती लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ती पहिली देवीची लस. मात्र ही लस का काम करते, ते तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हते.

लुई पाश्चर यांनी १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना पाहिले की, जंतूंचे जुने, अशक्त झालेले वाण टोचले तर कोंबडी थोडीशी आजारी पडते, पण मरत नाही. नंतर तिला ताजे, जोरकस जंतू टोचले तरी ती टिकते. १८८१ मध्ये त्यांनी मेंढ्या आणि गाईंवर काळपुळीच्या लसीचा जाहीर प्रयोग करून दाखवला. लस दिलेल्या मेंढ्या जगल्या, न दिलेल्या मेल्या.

आपल्या कास्तकारांसाठी यात एक जवळची गोष्ट आहे. कोंबड्यांचा तो कॉलरा आणि आपल्या गाई-म्हशींचा घटसर्प हे एकाच जातीच्या जिवाणूमुळे होतात. त्या जिवाणूला पाश्चर यांच्या नावावरून पाश्चुरेला म्हणतात. म्हणजे पावसाळ्याआधी आपल्या म्हशीला जी सुई बसते, तिची वाट पाश्चर यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यापासूनच निघाली आहे.

आधी स्वतःच्या अंगात सुई

पॅरिसमध्ये हाफकिन यांनी कॉलऱ्याचा विषय हाती घेतला. गिनीपिग या लहान प्राण्याच्या पोटात एकामागून एक जंतू वाढवून त्यांनी एक जोरकस वाण तयार केले. दुसरीकडे उष्णता आणि हवेच्या साहाय्याने जंतूंचे अशक्त वाण केले. आधी अशक्त वाण टोचायचे, काही दिवसांनी जोरकस वाण, अशी दोन सुयांची पद्धत त्यांनी बसवली. पहिल्या सुईने शरीराला शत्रूची ओळख होते, दुसऱ्या सुईने तयारी पक्की होते. आज वासराला लाळ्या-खुरकुताची पहिली लस दिल्यावर महिन्याने दुसरी मात्रा देतात, त्यामागचा विचार हाच आहे.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत सगळे ओसरले. त्यानंतरच त्यांनी मित्रांना आणि इतरांना ती दिली. लस स्वतःवर तपासायची आणि मगच दुसऱ्याच्या दारात जायचे, ही त्यांची सवय पुढे आयुष्यभर राहिली.

कॉलरा खरा कुठे होता, तर भारतात. १८९३ मध्ये ते कलकत्त्यात उतरले. इथे लोकांना इंग्रज सरकारवर विश्वास नव्हता आणि सुईवर तर मुळीच नव्हता. अनेक डॉक्टरांनाही वैद्यकीय पदवी नसलेल्या या परदेशी माणसाचे काम रुचत नव्हते. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीत कॉलरा आला. तिथल्या सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे नवे रुग्ण सापडले ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. घर तेच, विहीर तीच, हवा तीच. फरक फक्त लसीचा. एकाच ठिकाणच्या दोन गटांची अशी तुलना करण्याची पद्धत हाफकिन यांनी काटेकोरपणे पाळली. आपण शेतात खताचा प्रयोग करताना शेजारी बिनखताचा पट्टा ठेवतो, तसेच हे आहे. तो पट्टा ठेवला नाही, तर पीक खताने आले की पावसाने, हे सांगता येत नाही.

पुढे ते देशभर फिरले. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांपर्यंतही लस पोहोचली. दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस दिली. या फिरतीत त्यांना मलेरिया जडला आणि १८९५ मध्ये परत जावे लागले. पण १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही आठवड्यांत लोक शहर सोडून गावाकडे पळू लागले आणि रोगही त्यांच्यासोबत गेला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारने साथरोगाचा कायदा केला. घरझडती आणि सक्तीची उचलबांगडी सुरू झाली. त्यातून उसळलेल्या संतापात जून १८९७ मध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँड या अधिकाऱ्यावर गोळी झाडली. रोग, भीती आणि जबरदस्ती असे तिन्ही एकत्र आले की लोक औषधालाही शत्रू समजू लागतात, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

सरकारने ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांना मुंबईत बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली.

तुपाच्या थेंबाखाली वाढलेली लस

लस तयार करायची तर आधी जंतू भरपूर वाढवायला हवेत. हाफकिन यांनी शेळीच्या मांसापासून पोषक रस्सा तयार केला. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले असते तर हिंदूंनी किंवा मुसलमानांनी लस नाकारली असती, हा विचारही त्यात होता. या रश्श्यावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली वाढू लागले. वडाच्या पारंब्या फांदीवरून जमिनीकडे उतरतात, तसे दिसे ते. भांडे हलवले की पारंब्या तळाशी पडत आणि वर नव्या फुटत. असे काही आठवडे चालल्यावर भांड्यात जंतूंचे भरघोस पीक येई.

त्यानंतर ते भांडे तासभर गरम करून जंतू मारले जात. मेलेला जंतू रोग करू शकत नाही. पण त्याच्या अंगावरच्या खुणा तशाच राहतात आणि शरीराला ओळखण्यासाठी त्या खुणा पुरेशा असतात. कॉलऱ्याच्या लसीत जिवंत जंतू होते, या लसीत मेलेले. जिवंत आणि मृत असे लसींचे हे दोन प्रकार आजही जनावरांच्या लसींत आहेत.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घन सेंटिमीटर होती, म्हणजे पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या कित्येक पट. ताप चढला, अंग दुखले, पण ते कामावर राहिले. मग कॉलेजातल्या काही जणांनी लस घेतली.

महिना संपण्याआधी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे स्वतःहून पुढे आले त्यांनाच लस देण्यात आली. साधारण निम्म्या कैद्यांनी ती घेतली, निम्म्यांनी घेतली नाही. ज्यांना टोचण्याआधीच गाठ आली होती त्यांना लस वाचवू शकली नाही. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना रोग झाला, पण त्यांच्यातला एकही दगावला नाही.

या एका प्रयोगात लसीबद्दलच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, लस म्हणजे औषध नव्हे. रोग अंगात शिरल्यावर तिचा उपयोग होत नाही. दुसरी, लस दिली म्हणजे रोग मुळीच होणार नाही असे नाही. पण झाला तरी तो सहसा सौम्य राहतो आणि जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

शरीर ओळख कशी ठेवते

आता थोडे शरीराच्या आत डोकावू. माणूस असो, बैल असो की कोंबडी, रोगाविरुद्धची तटबंदी साधारण तीन टप्प्यांत काम करते.

१) कुंपण: कातडी, नाकातोंडातील चिकट स्राव, डोळ्यांतील पाणी, पोटातील आम्ल. शेताला जसे काटेरी कुंपण, तसे हे. बहुतेक जंतू इथेच अडतात. म्हणून जनावराच्या खांद्यावरची जखम, गोचिडांचे चावे, खुरांतील भेगा हलक्यात घेऊ नयेत. ती कुंपणाला पडलेली भगदाडे आहेत.

२) राखणदार: कुंपण ओलांडून जंतू आत आला तर गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी धावतात. मेचनिकॉव्ह यांनी पाहिल्या त्या याच. या पेशी कोणत्याही परक्यावर तुटून पडतात. ताप आणि सूज ही त्यांच्या कामाची चिन्हे आहेत.

३) ओळख ठेवणारे पथक: हे काम लसिकाग्रंथींत होते. काखेत, जांघेत, मानेत या ग्रंथी असतात. राखणदार पेशी जंतूचे तुकडे घेऊन तिथे पोहोचतात. तिथे लाखो प्रकारच्या पेशी असतात आणि प्रत्येकीला एकच खूण ओळखता येते. जिची खूण जुळते ती पेशी झपाट्याने वाढते. तिच्यापासून प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडे त्याच जंतूला चिकटतात, त्याला लंगडा करतात आणि गिळणाऱ्या पेशींना तो दाखवून देतात. प्लेगमध्ये जांघेत किंवा काखेत येणारी गाठ म्हणजे हीच ग्रंथी. जंतू तिथपर्यंत पोहोचून तिच्यातच माजतात, म्हणून ती सुजते.

पहिल्या वेळी ही सगळी तयारी व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. जोरकस रोग तेवढा वेळ देत नाही. घटसर्पात जनावर एक-दोन दिवसांत दगावते. लढाई संपल्यावर मात्र काही पेशी स्मृती म्हणून शिल्लक राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर तयारीला आठवडे लागत नाहीत, काही दिवसांतच प्रतिपिंडे भरपूर प्रमाणात तयार होतात. लस म्हणजे खरा रोग न होऊ देता ही स्मृती तयार करून देणे.

ही स्मृती कायम टिकतेच असे नाही. काही लसींची वर्षानुवर्षे टिकते, काहींची काही महिन्यांत फिकी होते. हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीचा प्रभावही काही महिनेच टिके, म्हणून साथ परतली की ती पुन्हा घ्यावी लागे. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी आणि घटसर्पाची दर वर्षी द्यावी लागते ती याच कारणाने.

परळची प्रयोगशाळा

मुंबईत लसीचे नाव झाले. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगा खान यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी जागा दिली. समाजातील हजारो लोक पुढे आले. सरकारी सक्तीपेक्षा आपल्या माणसाच्या उदाहरणाने लोक लवकर तयार होतात, हे पुन्हा दिसले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

एका बाटलीने केलेला घात

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. काही दिवसांनी त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. देशभर खळबळ उडाली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले.

बाटल्यांच्या नोंदी पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होती. दगावलेल्या सगळ्या १९ जणांना ५३-एन या एकाच बाटलीतून लस दिली होती. बाकी बाटल्यांतून लस घेतलेले सगळे ठणठणीत होते. त्या दिवशी बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे आले. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, हे आपल्याला माहीत आहेच. प्रयोगशाळेतच लस दूषित झाली असती तर गावात पोहोचेपर्यंत बाटलीत त्याची खूण दिसली असती, असेही मत शास्त्रज्ञांनी मांडले.

तरीही न्याय मिळायला जवळपास पाच वर्षे लागली. मलेरियाचा प्रसार डासांमार्फत होतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्यानंतर त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. ते भारतात परतले, पण त्यांना परळ नाही, तर कलकत्ता मिळाले. पूर्वीसारखे काम आणि अधिकार पुन्हा त्यांच्या हाती आले नाहीत. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

सापाचे प्रतिविष ही वेगळी मदत

हाफकिन संस्थेत पुढे सर्पविषावरील प्रतिविषाचेही काम झाले. घुग्घुसपासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत धानाच्या बांधीत, कापसाच्या ओळीत राबणाऱ्यांसाठी ते लसीइतकेच महत्त्वाचे आहे. पण प्रतिविष म्हणजे लस नव्हे. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत देत देत त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार करून घेतात आणि ती रक्तातून वेगळी काढून माणसाला देतात. ही तयार प्रतिपिंडे लगेच काम करतात, पण शरीराने ती स्वतः बनवलेली नसल्याने थोड्याच दिवसांत संपतात आणि मागे स्मृती राहत नाही. म्हणून एकदा प्रतिविष घेतले तर पुढच्या वेळी साप चावल्यावर वाचू, असे समजू नये. प्रत्येक वेळी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

गाईचा चीक हीसुद्धा अशीच तयार मदत आहे. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात आणि जन्मानंतर पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात शोषली जातात. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत वासराच्या जिवावर उठते.

गोठ्यासाठी या कहाणीतून घ्यायच्या गोष्टी

• लस रोगाच्या आधी द्यावी. घटसर्प आणि फऱ्याची लस पाऊस सुरू होण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्यावी. गावात रोग आल्यावर धावपळ करून उपयोग कमी होतो.

• वासराला जन्मल्यावर एक-दोन तासांच्या आत चीक पाजावा. दिवसभरात वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतका चीक थोडा थोडा करून द्यावा.

• वासराच्या पहिल्या लसीचे वय पशुवैद्यकांना विचारून ठरवावे. आईची प्रतिपिंडे अंगात असताना लस दिली तर ती वाया जाऊ शकते. लाळ्या-खुरकुताची पहिली मात्रा साधारण चौथ्या महिन्यात आणि वर्धक मात्रा त्यानंतर महिन्याने देतात.

• लस थंड राहिली पाहिजे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. बर्फाच्या डब्यातूनच आणावी आणि सकाळच्या थंड वेळेत टोचून घ्यावी. मात्र ती गोठू देऊ नये.

• प्रत्येक जनावराला वेगळी किंवा नीट निर्जंतुक केलेली सुई वापरावी. खाली पडलेली सुई धोतराला पुसून पुन्हा वापरू नये. मुलकोवालला १९ जीव पडलेल्या चिमट्यामुळे गेले, हे लक्षात ठेवावे.

• बाटलीवरील तुकडी क्रमांक, मुदत आणि लस दिल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. ५३-एन ही नोंद नसती तर हाफकिन यांचे निर्दोषत्व सिद्धच झाले नसते. काही बिघडले तर चूक कुठे झाली, हे नोंदीवरूनच कळते.

• आजारी, तापलेल्या किंवा फार अशक्त जनावराला पशुवैद्यकांच्या सल्ल्याशिवाय लस देऊ नये. लसीकरणाच्या आठ-पंधरा दिवस आधी जंतनाशक द्यावे. पोटात जंत आणि वैरणीची कमतरता असेल तर शरीराला प्रतिपिंडे तयार करणे जड जाते.

• लस दिल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप, टोचलेल्या जागी सूज किंवा दुधात घट दिसली तर घाबरू नये. शरीर कामाला लागल्याचे ते चिन्ह आहे. सूज वाढत गेली किंवा जनावराने चारा सोडला तर दवाखान्यात कळवावे.

• गावातील सगळी जनावरे एकाच वेळी टोचून घ्यावीत. लस न दिलेली चार जनावरे पाणवठ्यावर रोग जिवंत ठेवतात आणि पहिल्यांदा बळी जातात तीही तीच.

एकेकाळी गावेच्या गावे ओस पाडणारी बुळकांडी आज जगात नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये सापडला आणि २०११ मध्ये हा रोग जगातून संपल्याचे जाहीर झाले. हे घडले ते लसीमुळे आणि गोठ्यागोठ्यात जाऊन ती टोचणाऱ्या माणसांमुळे. हाफकिन यांनी भायखळ्याच्या व्हरांड्यात तुपाच्या थेंबाखाली वाढवलेली लस त्याच रस्त्यावरचा एक टप्पा होता. यंदा लसीकरणाची गाडी गावात आली की जनावरे चरायला सोडण्याआधी खुंट्याला बांधून ठेवावीत आणि घरातले एखादे माणूस वही घेऊन जवळ उभे राहावे.